मिरजेच्या टीव्हीवाल्या काकांना, माझ्या माशांच्या वतीनं

काका नमस्कार,

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे माहितीय, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. समोर येऊन बोलायला गेले असते तर रडले असते आणि तुम्ही परत चहा मागवला असता.

मी ती माशांवाली. (असं म्हटलं की मासळी विकणारी वाटते, घरमालकीण बाईंना तर दोन महिने तेच वाटत होतं.) पिकलेल्या केळ्यावर बसतात ती चिलटं, ड्रोसोफिला, त्यांची झोप मोजायचा एमएस्सीचा प्रोजेक्ट. तुमच्याकडे यायच्या आधी सहा महिने नुसते हेलपाटे घातलेत मी. एका सप्लायरनं ॲडव्हान्स घेतला आणि त्याचा "पुढचा आठवडा" अजून उजाडायचाय. कॉलेजात लॅबला पाचला कुलूप, आता माशांना काय माहीत ऑफिस टायमिंग, त्या रात्रीच झोपणार ना. आणि स्टाफरूममधला तो विनोद, "माशा मारायला एमएस्सी कशाला लागतीय, ते आम्ही फुकटात करतो". खरंच करतात हो, रोज बघते मी.

तुमच्या दुकानात आले ती फक्त सेन्सर मिळतो का विचारायला. तुम्ही म्हणालात, आधी काम काय ते सांग. मग मी सांगितलं की करंगळीपेक्षा बारीक काचेची नळी, एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापूस, मधे एकटी माशी, आणि नळीच्या मधोमध एक न दिसणारा किरण, माशी इकडून तिकडं गेली की तो तुटतो आणि मोजला जातो. सलग पाच मिनिटं एकदापण तुटला नाही तर झोपली असं धरायचं. तुम्ही काही न बोलता एक जुना रिमोट उचललात, बटण दाबलंत आणि मोबाईलचा कॅमेरा त्याच्यापुढं धरलात, स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकायला लागला. "हाच ना तुझा किरण?" हाच होता काका! सहा महिने ज्याच्यासाठी वणवण केली तो तुमच्या भंगाराच्या डब्यात पडलेला.

पुढचं वायरिंगबियरिंग राहू दे, ते मला अजून धड कळलेलं नाही. मला सांगायचंय त्या रात्रीचं. दुकान बंद करून साडेनऊला तुम्ही विश्रामबागेत माझ्या खोलीवर आलात, दोन सेन्सर उगाचच मोजत होते म्हणून. माशांची लाईट आठलाच बंद केलेली, मी आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद लावलेली बॅटरी घेऊन उभी, कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. तुम्ही दारातच थांबलात. चपला बाहेर काढल्यात, टूलची पिशवी हळूच गादीवर ठेवलीत, खाली नाही, आणि कुजबुजत विचारलंत, "झोपल्यात काय गं?"

काका, तोपर्यंत ज्याला ज्याला सांगितलं तो हसला होता. तुम्ही पहिला माणूस ज्यानं आवाज खाली घेतला. धक्क्यानं माशा जाग्या होतात हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, झोपलेल्यापाशी जसं वागायचं तसं तुम्ही वागलात एवढंच. तुम्ही गेल्यावर मी जिन्यात बसून रडले, आता सांगते.

आणि वर तो प्रश्न, "झोपली का मेली, हे तुझ्या मशीनला कसं कळतंय?" नाहीच कळत! माझ्या कागदावर एक नर 30 तास गाढ झोपलेला, बघते तर पाय वर. माशी खाण्यापाशी पाय चोळत बसली तरी एका किरणाला ती झोपलेलीच वाटते. म्हणून टकटक करून बघतात, हलक्या टिचकीला झोपलेली उठत नाही, जोरात मारली की उठते. आणि रात्रभर जागवली की दुसऱ्या दिवशी जास्त झोपते, आपल्यासारखीच. 2000 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून हेच दाखवलं, तेव्हा कुठं लोक म्हणायला लागले की हा नुसता आराम नाही, झोप आहे. मी हे सांगताना तुम्ही सोल्डरिंग थांबवून ऐकत होतात. माझ्या प्रेझेंटेशनला चौघं बसलेले, त्यातले दोघं फोनवर, हा प्रश्न एकानंपण विचारला नाही.

नर दुपारचे हमखास झोपतात, माद्या त्या मानानं कमी, हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हंजे आमच्या घरचंच की." काकूंना सांगितलं नाहीये अजून.

काल आठही नळ्यांचा पाच दिवसांचा डेटा नीट आला. दुपारी एक डुलकी, संध्याकाळी लाईट बंद व्हायच्या आधी सगळ्यांची धावपळ, मग रात्र शांत, अगदी पुस्तकात असतो तसा ग्राफ. प्रिंट काढून ठेवलीय तुमच्यासाठी.

तुम्ही पार्टचे 340 रुपये तेवढे घेतलेत. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, आधी त्यांना नीट झोपू दे, मग बघू. झोपल्या काका. शनिवारी येते, आणि या वेळी चहा माझ्याकडून.

तुमची,
माशांवाली