विषय : १००० वॅट छापलेला सबवूफर, न मिळालेला एक आकडा आणि आज दुपारचा फोन

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
आणि जमल्यास ज्यांनी हे यंत्र हाताने बनवले त्या इंजिनिअर मंडळींनाही हे पत्र दाखवावे.

महोदय,

आज दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी तुमच्या 'सीनियर प्रॉडक्ट एक्स्पर्ट'शी झालेले बोलणे शेवटचे. यापुढे मी फोन करणार नाही, जे काही व्हायचे ते कागदावर. तुमच्या होल्डवरची धूनही आता पाठ झाली आहे. ज्या कंपनीचा धंदाच आवाजाचा, तिने ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला १९ मिनिटे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे संगीत ऐकवावे, यावर मी काही बोलत नाही.

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर वाजवणारी स्पीकरची पेटी, तुमचाच आहे, तेव्हा तो कसा दिसतो आणि मागे कोणती बटणे आहेत हे सांगत बसत नाही. १० इंची, समोर पोर्टवाला (पोर्ट म्हणजे हवा ये-जा करायला पेटीला ठेवलेले नळीसारखे भोक), खोक्यावर वीतभर उंच आकड्यांत '१००० वॅट'. बिल ४२,५०० रुपयांचे, प्रत सोबत आहे.

मी तो डोळे मिटून घेतलेला नाही. घेण्याआधी तीन आठवडे वही घेऊन बसलो होतो. माझे जुने स्पीकर (तेही तुमचेच, त्याबद्दल पुढे) ६० हर्ट्झच्या खाली दम टाकतात (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपने; आकडा लहान तितका सूर खालचा). मी मिरजेचा. गाणे हा इथे शौक कमी आणि सवय जास्त. काळी एक पट्टीच्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, ७० हर्ट्झच्या आसपास, तो माझ्या जुन्या स्पीकरांतही येतो. डग्ग्याला २० हर्ट्झ लागत नाहीत हे मलाही कळते, त्याला लागतो तो स्वच्छपणा. पण घरात नातू आहे. त्याला सिनेमातले भूकंप आणि विमाने हवी असतात, आणि मला एकदा पियानोचा शेवटचा खालचा सूर, २७.५ हर्ट्झ, घरात ऐकायचा होता. वय ६८. आणखी कधी ऐकणार?

म्हणून मी तुम्हाला ईमेलने तीन प्रश्न विचारले होते. उणे ३ डेसिबलला, म्हणजे आवाज (त्याचे माप डेसिबल) जरासा पडायला लागतो तिथे, हा सबवूफर किती हर्ट्झपर्यंत उतरतो? पोर्ट किती हर्ट्झला ट्यून केला आहे, म्हणजे कोणत्या सुराला तो सर्वांत जास्त साथ देतो? आणि हजार वॅटपैकी आरएमएस, म्हणजे सतत देता येईल अशी ताकद, किती? अर्ध्या तासात उत्तर आले. मी खूश झालो. उघडले तर 'आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभार' आणि सोबत एक रंगीत पत्रक, ज्यात एक जोडपे सोफ्यावर बसून हसते आहे. फोन केला तर तुमचा विक्री प्रतिनिधी म्हणाला, "सर, हजार वॅट आहे, भिंती हलतील." मी म्हटले, भिंती हलवायच्या नाहीत, बँकेचे हप्ते नुकतेच फिटलेत. तो हसला. आकडा दिला नाही.

तरीही मी घेतला, ही माझी चूक. तुमच्या नावावर घेतला. पत्रकात 'फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स २० ते २०० हर्ट्झ' असे छापले होते. किती डेसिबलच्या फरकाने, ते छापले नव्हते. ते न छापता २० लिहायचे असेल तर माझ्या देवघरातल्या घंटेवरही २० हर्ट्झ लिहिता येईल.

आता वॅटबद्दल. मी वीज मंडळात ३४ वर्षे काढली आहेत, त्यामुळे वॅट म्हणजे काय हे मला कॉल सेंटरने शिकवू नये. आमच्याकडे शेतकरी ५ एचपीची मोटार ३ एचपीची पाटी लावून चालवायचे, कारण आकारणी एचपीवर होती. पाटी खोटी असायची, पण निदान कमी दाखवायची. तुमची पाटी उलट्या दिशेने खोटी. हजारच्या डोक्यावर एक चांदणी आहे. ती चांदणी खोक्याच्या तळाशी, बारकोडच्या खाली, मोहरीएवढ्या अक्षरांत सांगते की हा 'पीक' आकडा आहे. म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत. आरएमएस कुठेच नाही.

आणि समजा खरेच हजार असते, तरी काय? वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. खालचा सूर हवा ढकलून येतो. एक सप्तक खाली जायचे आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर चौपट हवा ढकलावी लागते. ४० वरून २० हर्ट्झला जायचे म्हणजे मोठा पडदा (स्पीकरचा हवा ढकलणारा हलता भाग), मोठी पेटी, किंवा दोन पेट्या. हे तुमच्या इंजिनिअरांना माहीत नाही असे मी मानत नाही. म्हणून तर राग जास्त. ज्याला माहीत नाही त्याच्यावर कोण रागावतो?

मी काय केले ते सांगतो. खोलीत मोजले असते तर तुम्ही खोलीचा दोष काढला असता. आमची खोली अकरा फूट रुंद, त्यामुळे ५१ हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच घुमते, हे मान्य. म्हणून एका रविवारी सकाळी ११ वाजता शेजाऱ्यांना सांगून सबवूफर गच्चीवर नेला, म्हणजे नातवाने आणि वॉचमनने नेला, १९ किलोचा आहे. मधोमध ठेवला, मुलाने पुण्याहून पाठवलेला मोजणीचा माइक दोन मीटरवर जमिनीलगत ठेवला आणि एकेक सूर वाजवला. ६० हर्ट्झला जेवढा आवाज, त्याच्या तुलनेत ४५ ला ३ डेसिबल कमी, ४० ला ८ कमी, ३० ला २३ कमी. २० ला काय मोजायचे? गल्लीतून रिक्षा गेली ती जास्त भरली.

३० हर्ट्झला मी एक उदबत्ती पेटवून पोर्टसमोर धरली. धूर नागासारखा पुढे-मागे डोलत होता, पडदा पाऊण इंच बाहेर येऊन आत जात होता, बोट लावले तर गुदगुल्या. कानाला फक्त फुस् फुस्. वॉचमन म्हणाला, "काका, पंक्चर आहे का?" मला त्याच्याहून नेमका शब्द सुचलेला नाही. पोर्ट ज्या सुराला ट्यून केला त्याच्या खाली गेले की पेटीतल्या हवेचा पडद्यावरचा लगाम सुटतो आणि नुसती फडफड उरते. तसे होणार असेल तर होऊ दे, पण ते कोणत्या हर्ट्झला होते तो आकडा सांगा, एवढेच मी दोन महिने विचारतो आहे.

२३ डेसिबल कमी म्हणजे दोनशेवा भाग. म्हणजे ३० हर्ट्झला तुमच्या हजार वॅटचे काम ५ वॅटचे. ही तूट वॅटने भरून काढायची तर दोन लाख वॅट लागतील. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर २०० केव्हीएचा, म्हणजे अख्खा मिळून जेमतेम दोन लाख वॅटचा, ट्रान्सफॉर्मर आहे, मीच बसवून घेतला होता. सांगा, तार कुठून ओढू?

यानंतर तुमचा तंत्रज्ञ आला. मुलगा गुणी होता, चहा घेतला, पायातले बूट बाहेर काढले. त्याने सबवूफर ढकलून कोपऱ्यात लावला, घुंडी पूर्ण उजवीकडे पिळली, मोबाइलवरून लावणीचे रिमिक्स लावले आणि म्हणाला, "बघा काका, वाजतंय की!" वाजत होतेच. कोपऱ्यात कुठलाही सबवूफर जास्त वाजतो. अख्ख्या गाण्याचा एकच ढब ढब ढब झाला होता, डग्गा कुठला आणि ढोल कुठला, सिंटेक्सची रिकामी टाकी बडवावी तसे. मी माझ्या मोजणीचा कागद दाखवला. तो म्हणाला, त्यांना ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेले नाही, वर पाठवतो. संध्याकाळी मेसेज आला : आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. असा मेसेज तीन वेळा आला आहे. समाधान कोणाचे झाले, ते तीनही वेळा लिहिलेले नव्हते.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे 'गुणवत्तेसाठी' तो रेकॉर्ड झाला असेल आणि कोणी तरी ताडून पाहावा.

आधी एका मुलीने माझे सगळे म्हणणे ऐकून "एक्स्पर्ट सरांना देते" म्हटले. एक्स्पर्ट सरांचा आवाज माझ्या नातवाहून थोडा मोठा. मी पहिल्यापासून सांगितले : ईमेल, पत्रक, गच्ची, उणे २३. त्यांनी मध्ये एकदाही "हो" म्हटले नाही, म्हणून मी दोनदा "आहात ना?" विचारले. मग ते म्हणाले,

"काका, एक विचारू? राग मानू नका. तुमचं वय किती?"

मी म्हटले, "६८. का?"

"नाही, काय होतं ना काका, वयानुसार बास कमी ऐकू येतो. नॅचरल आहे. घरात कोणी यंग असेल ना, त्यांना ऐकायला सांगा, त्यांना येईल."

मी काही क्षण गप्प राहिलो. मग विचारले, "माइकचं वय चार महिने आहे. त्यालाही ऐकू येत नाही. त्याचं काय करू?"

यावर ते म्हणाले, "काका, तुम्ही जास्त टेक्निकल जाऊ नका. म्युझिक एंजॉय करा."

आणि तोच आकडा मी पुन्हा विचारल्यावर : "ते कॉन्फिडेन्शियल असतं."

'काका' म्हटल्याचा राग नाही. मिरजेत रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे काकाच म्हणतात. पण ऐकून घ्या. वयाने आधी वरचे सूर जातात, खालचे नव्हे. हे कानाच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. मी मागच्या वर्षी तपासणी केली आहे, तिची झेरॉक्स जोडतो. २५० हर्ट्झला माझा कान ठणठणीत, ४००० च्या पुढे उतार. रातकिडे मला ऐकू येत नाहीत, हे खरे. सौ. म्हणतात तेही बऱ्याचदा येत नाही, पण त्याचे कारण डॉक्टरांच्या मते वेगळे आहे. डग्गा मला ऐकू येतो. तुमच्या पेटीतून येत नाही तो ३० हर्ट्झ, आणि तो माझ्या १४ वर्षांच्या नातवालाही आलेला नाही. म्हणजे माल कमी, आणि कान काढले माझे. ३४ वर्षांच्या नोकरीत मी रागावलेल्या गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, पण 'तुमचा दिवा मंद नाही, तुमचे डोळे गेलेत' असे कोणाला सांगितल्याचे आठवत नाही.

आणि गोपनीय कसले? आमच्या सतारमेकर गल्लीत जा. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंत कारागीर तुमच्यासमोर करतो आणि कोणत्या पट्टीला तंबोरा बोलेल ते न विचारता सांगतो. त्याच्याकडे ना कॉल सेंटर, ना चांदणी.

आता जुन्या स्पीकरांबद्दल. ते मी १९९१ साली तुमच्याकडूनच घेतले, तीन पगारांतून साठवून. त्यांच्याबरोबर करड्या कागदाची चार पानी पुस्तिका आली होती, अजून माझ्या कपाटात आहे. तिसऱ्या पानावर आलेख छापला आहे : आडवे हर्ट्झ, उभे डेसिबल, आणि ६० च्या खाली रेघ कशी कोसळते तेही लपवलेले नाही. ते पान पाहूनच मी ते घेतले. जे येत नाही ते सांगणारी कंपनी म्हणून घेतले. त्या पानाची झेरॉक्सही जोडतो आहे, कदाचित तुमच्याकडे उरली नसेल.

मला हवे ते एवढेच : पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत, आणि सबवूफर न्यायला दोन माणसे. एक पाठवलात तर तो तिसऱ्या मजल्यावरून खाली जाणार नाही, आमची लिफ्ट गुरुवारी बंद असते. बदली नग नको, त्याच साच्यातला तोही. कूपन तर मुळीच नको.

ते न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्कही नाही. निवृत्त माणसाकडे तारखांना वेळ असतो. तुमच्या वकिलांना मिरज जंक्शनला उतरून सांगलीची बस धरावी लागेल, ती सारखी असते, काळजी नसावी. 'हजार' आणि '२० हर्ट्झ' या दोन्ही छापील दाव्यांबद्दल दिल्लीतल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही लिहीन. तिथे मात्र 'कॉन्फिडेन्शियल' म्हणून पाहा.

आपला (अजूनपर्यंत) ग्राहक,
मिरज

ता. क. : हे लिहीत असतानाच तुमचा चौथा मेसेज आला. तक्रार बंद केली आहे आणि आजच्या संभाषणाला १ ते ५ पैकी एक आकडा द्यावा, अशी विनंती आहे. दोन महिने मी तुमच्याकडे एक आकडा मागतो आहे. आधी तुमचा येऊ द्या.