बाबा, ३० तारखेला उपासनेला जाऊ या

ठाणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

हे फोनवर मला बोलता आलं नसतं. फोन लावला की बाबा दोन मिनिटांत ‘घे, आईशी बोल’ म्हणतात, आई ‘जेवलीस का, पोरगा काय करतो’ विचारते, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

बुधवारी आई बोलता बोलता म्हणाली, ‘यंदा हंगामाच्या सणाला काहीच नेलं नाही. परसातले दोडके वेलीवरच जून होऊन गेले.’ एवढंच म्हणाली आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. मला कळायला लागल्यापासून आईच्या कोथिंबिरीच्या सांबारवडीशिवाय आपल्या चर्चचा हंगामाचा सण झालेला मी पाहिला नव्हता. उपासना संपली की देवाला वाहिलेल्या वस्तूंचा मांडवात लिलाव व्हायचा. कोणाची कोंबडी, कोणाची टोपलीभर संत्री, कोणाचा भोपळा. आईचा डबा पुकारला की बाबा, तुमचा हात वर. घरच्याच वड्या तिप्पट पैसे देऊन तुम्ही परत आणायचात आणि स्कूटरवर आम्हाला सांगायचात, देवाला दिलेली वस्तू देवाकडून विकत घेतली, आता हिची चव बघा. आम्हाला खरंच वेगळी लागायची.

एप्रिल २०२४ च्या वार्षिक सभेत जे झालं ते चुकीचं झालं, हे मी आधीच लिहून टाकते. हिशेब विचारणं हा मंडळीचा हक्क आहे हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पण अकरा वर्षं खजिनदार राहिलेल्या माणसाला छताच्या दुरुस्तीचा खर्च त्या सुरात विचारायचा नसतो. आणि विचारणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त लागलं ते गप्प बसलेल्यांचं. चाळीस वर्षांची ओळख असलेली माणसं खाली मान घालून बसली. पुढे हिशेब पैशाला पैसा जुळला, तरी तसं सांगायला कोणी घरी आलं नाही. तुम्ही पावतीपुस्तकं आणि कपाटाच्या किल्ल्या सेक्रेटरींकडे पोचवल्यात आणि त्या रविवारपासून चर्चची पायरी चढला नाहीत. तुमच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण एकोणीस महिने झाले, बाबा.

रविवारी सकाळी तुम्ही टीव्हीवर कुठल्याशा मोठ्या चर्चची उपासना लावता. आई आत कणीक मळता मळता ऐकते. मीही दिवाळीत तुमच्या शेजारी बसून ऐकली. संदेश चांगला होता, गाणारे सुरात होते. पण त्या पाळकांना आईचा पाय २०१९ मध्ये मोडला होता हे माहीत नाही. तिथे तुमच्या बाकावर सरकून कोणाला जागा द्यावी लागत नाही. प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीवर समोर ज्याला सोडायचं तो माणूस बसलेला नसतो. त्यामुळे ती ओळ सहज म्हणून होते.

माझ्याबद्दलही लिहायला हवं. लग्नानंतर ठाण्याला आले तेव्हापासून कितीतरी वर्षं मी नाताळ आणि ईस्टर सोडला तर उपासनेला गेले नाही, हे तुम्हाला पूर्ण माहीत नव्हतं. रविवार एकच सुट्टीचा दिवस, आठवड्याची धुणी, मुलाचा अभ्यास. विश्वास सोडला नव्हता, रात्री प्रार्थना करत होते, आणि तेवढं पुरेसं आहे असं मला मनापासून वाटत होतं. मग मामंजी गेले. कबरस्तानात पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, दीडदोनशे माणसं एका आवाजात म्हणायला लागली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आणि माझा आठ वर्षांचा मुलगा माझा हात धरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला ती येत नव्हती. स्वतःच्या आजोबांच्या कबरीपाशी तो परक्यासारखा उभा होता.

घरी आल्यावर मी आठवून पाहिलं, मला ती कोणी शिकवली? कोणीच नाही. पाठ करून घेतलेली आठवतच नाही. तुम्हा दोघांच्या मध्ये बाकावर बसून, आईच्या पदराशी खेळत, बाबांचा आवाज छातीतून कसा येतो ते ऐकत ती माझ्यात आपोआप गेली. मतांगीकार, आपल्या विश्वासाची ती कबुली, तसाच आला, उठायचं कधी, गुडघे टेकायचे कधी तेही तसंच. नवतपाच्या उकाड्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, मला घरी कूलरसमोर पडून राहायचं असायचं आणि तुम्ही न्यायचातच. त्याचं मोल मला त्या दिवशी कबरस्तानात कळलं. पुढच्या रविवारपासून आम्ही जातो. आता त्याला प्रार्थना येते, आणि काही ओळी तो माझ्याही आधी म्हणतो.

जूनमध्ये मी हळूच विषय काढला होता, तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, ‘मनात राग ठेवून प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जायचं नसतं. शास्त्रच सांगतं.’ त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. मग मी मत्तयचा पाचवा अध्याय काढून वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. तिथे प्रभू म्हणतो, दान अर्पण करताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान वेदीपुढे तिथेच ठेव, जाऊन समेट कर, आणि मग येऊन दान अर्पण कर. दान घरी परत ने असं तो म्हणत नाही. जायचं ते परत येण्यासाठी. आणि त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात उलटी गोष्ट आहे: भावानं तुझा अपराध केला असेल तर तू जा आणि एकांतात त्याला सांग. म्हणजे चूक माझी असो की त्याची, दोन्ही वेळी चालत जायचं ते मीच. हे मला अजिबात आवडलं नाही, मलाही एकदोन माणसांकडे जायचं राहिलंय. पण लिहिलंय ते असं आहे.

प्रेषित पौलाचंही तसंच. माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकरीतून खावं, असं तो करिंथकरांना लिहितो. परीक्षा करून उठून जावं असं लिहीत नाही.

आणि तुम्हाला समेट ही काय चीज आहे हे मी सांगायची गरज नाही. १९७० ची गोष्ट तुम्हीच आम्हाला शंभरदा सांगितलीत. २९ नोव्हेंबर, नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, तुम्ही सतरा वर्षांचे, आणि आजोबा तुम्हाला सायकलवर पुढे बसवून सदरला ऑल सेंट्स कॅथीड्रलपाशी घेऊन गेले. सतरा वर्षांच्या मुलाला पुढे बसवून! तुम्हाला लाज वाटत होती आणि आजोबा म्हणाले, आज लाजू नको, आज सहा घरं एक होतायत. घरं म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या: अँग्लिकन, आपले प्रेस्बिटेरियन ज्यात होते ती युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्टांची एक शाखा, डिसायपल्स. उत्तर भारताची एकत्र मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपल्या नागपुरात जन्मली. बोलणी १९२९ पासून चालली होती, एक्केचाळीस वर्षं. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसालाच, यावर या लोकांच्या वाडवडिलांनी एकमेकांना सोडलं होतं. कोणी जिंकलं नाही. दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे एकाच मंडळीत मान्य झाले. शेवटच्या काही महिन्यांत एक मोठी मेथडिस्ट मंडळी बाजूला झाली, तेव्हा आजोबांना फार वाईट वाटलं होतं, हेही तुम्ही सांगायचात. राहिलेल्या सहांनी मात्र पाऊल मागे घेतलं नाही.

छताच्या दुरुस्तीचा हिशेब याहून मोठा आहे असं मला वाटत नाही. अपमान मोठा आहे, ते मानते. पण ज्या एकीला तुम्ही त्या रविवारी डोळ्यांनी पाहिलंत, ती मी फक्त तुमच्या तोंडून ऐकलीय. आपल्या मंडळीत ती पाहिलेली माणसं आता किती उरलीत?

आई, आता तुझ्याबद्दल. तू म्हणतेस, ‘हे येत नाहीत तर मी एकटी कशी जाऊ?’ तुझा स्वभाव मला माहीत आहे, पण महिला संघाची सभा तुझी स्वतःची होती. गुरुवारच्या प्रार्थनेला कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या घरी आजार आहे, हे तुला आधी कळायचं आणि डबा घेऊन तूच आधी पोचायचीस. तुझ्या मैत्रिणीशी मी बोलले. ती म्हणाली, ‘तुझी आई नाही तर आमची यादीच हरवली.’ बाबा, हा भाग मोठ्यानं वाचायला तुम्हाला जड जाईल, तरी वाचा. आई तक्रार करणार नाही. पण तुमच्या दुखण्याची अर्धी शिक्षा ती भोगतेय.

आईच्या त्या मैत्रिणीनंच मला आणखी एक सांगितलं. यंदाच्या गुड फ्रायडेला कवी ना. वा. टिळकांचं एक भजन घेतलं, पडद्यावर शब्द होते, मुलं गात होती, पण चाल दुसऱ्या कडव्यात हरवली आणि तिथेच थांबवावं लागलं. शब्द कुठेही मिळतात. चाल तुमच्या गळ्यात आहे आणि अजून दोनतीन म्हाताऱ्यांच्या. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्याच मातीतल्या सुरात देवाला हाक मारायला दिली, आणि ते सूर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात असेच आले. तुम्हाला ड्रम आवडत नाही, मलाही फारसा आवडत नाही. पण तुम्ही घरी बसलात तर त्या पोरांना ड्रमशिवाय दुसरं काय उरणार?

गुडघ्यांचं म्हणाल तर तो खरा प्रश्न आहे, आणि उद्या असा दिवसही येईल की दोघांनाही खरंच जाता येणार नाही. त्याची मला भीती वाटत नाही. इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या विश्वासणाऱ्यानं, जो पुढे हुतात्मा झाला, आपली मंडळी रविवारी काय करते ते लिहून ठेवलंय. सगळे एका ठिकाणी जमतात, शास्त्रवाचन होतं, बोध होतो, उभं राहून प्रार्थना, मग भाकरी आणि द्राक्षारस. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्या घरी घेऊन जातात. आमच्या पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला २०१९ आठवलं. आईच्या पायाला प्लास्टर, आणि पाळकसाहेब दोन वडिलांना घेऊन दारात. बाबांनी टीपॉयवर इस्त्रीची पांढरी चादर अंथरली होती. आई पलंगावर बसून रडत होती आणि म्हणत होती, ‘सगळी मंडळी घरी आली.’ न येणाऱ्याचा वाटाही त्या मेजावर असतो. पण तो कोणाच्या घरी न्यायचा हे मंडळीला कळायला हवं ना? तुम्ही दोघं आजारी आहात की रागावला आहात, हेही आता तिथल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही.

मी शुक्रवारी, २८ तारखेला रात्री विदर्भ एक्सप्रेसनं निघतेय, मुलालाही आणतेय. शनिवारी सकाळी पोचू. ३० तारखेला आगमनकाळाचा पहिला रविवार आहे, १९७० च्या त्या रविवारला पंचावन्न वर्षं झाली. त्या सभेत बोललेल्या माणसाशी मी काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही, ते तुमचं आहे. बाक कुठलाही चालेल, मागचाही. मुलाला तुम्हा दोघांच्या मध्ये बसायचंय, एवढं त्यानं आधीच सांगून ठेवलंय.

आई, शनिवारी बाजारातून सांबाराच्या दोन जुड्या आणू. बाबा, पांढरा शर्ट मी येऊन इस्त्री करीन. साडेआठला रिक्षा सांगते, चौघांसाठी.

तुमची,
थोरली