वसंतास, सुन बिनच्या निमित्ताने

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला पाच महिने होऊन गेले आणि मी साधा फोनही केला नाही, म्हणून वहिनी रागावल्या आहेत असे सुमनकडून कळले. माझी साखर आटोक्यात आहे, मोतीबिंदू पिकतो आहे. प्रकृतीचे एवढे पुरे. फोन का केला नाही, हे सांगण्यासाठी मला तेवीसशे वर्षे मागे जावे लागणार आहे, तेव्हा चहा सांगून ठेव.

वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला यंदा सुन त्झू, म्हणजे प्राचीन चीनमधला युद्धशास्त्राचा ग्रंथकार, हा विषय दिला होता. तयारीला बसलो आणि सुन त्झू बाजूला राहून त्याच्या वंशजापाशीच अडकलो. सुन बिन हा सुन त्झूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाला. तो आणि पांग जुआन एकत्र युद्धशास्त्र शिकले. पुढे पांग जुआन वेई राज्यात हुई राजाचा सेनापती झाला, पण आपला सोबती आपल्याहून सरस आहे हे त्याच्या मनातून जाईना. त्याने सुन बिनला गुपचूप बोलावून घेतले, कायद्याच्या आधाराने दोषी ठरवले, त्याचे पाय तोडवले आणि चेहऱ्यावर गुन्हेगाराचे गोंदण करवले, म्हणजे पुन्हा तो कोणासमोर यायला नको. ‘बिन’ हे शिक्षेचेच नाव, आणि तिचा अर्थ गुडघ्याच्या वाट्या काढणे असाही लावतात. आईबापांनी ठेवलेले नाव टिकले नाही, जखमेचे टिकले.

व्याख्यानात या वाक्यापाशी मी थांबलो, दोन वेळा पाणी प्यालो. लोकांना वाटले, वयामुळे.

तुला सरांनी विद्यापीठाच्या कबड्डी संघातून वगळले, असे तू आजवर धरून चालला आहेस आणि त्यांना तू शिव्याही पुष्कळ दिल्या आहेस. निवडीच्या आदल्या संध्याकाळी सर मैदानाच्या कडेला माती झटकत उभे होते आणि त्यांनी मला विचारले होते, ‘याच्या गुडघ्याचे काय?’ गुडघ्याला तेव्हा नुसती सूज होती, आठवड्यात उतरली असती, आणि आदल्या रात्री तिच्यावर हळद-मिठाचा लेप मीच लावला होता. मी म्हणालो, ‘सर, भरवसा नाही.’ तीन शब्द. खोटे बोललो असे कोणी सिद्ध करू शकले नसते. पांग जुआननेही सगळे कायद्यानेच केले होते. आता त्याच गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्याचे कळल्यावर मी कोणत्या तोंडाने ‘कसा आहेस’ म्हणणार होतो?

एवढ्यावरून पत्र फाडू नकोस, पुढचे तुझ्याबद्दल आहे. छी राज्याच्या दूताने सुन बिनला आपल्या गाडीतून चोरून नेले आणि तो तिथल्या त्येन ची या सेनापतीकडे राहिला. त्येन ची घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावत असे. सुन बिनने त्याला सांगितले, की त्यांच्या उत्तम घोड्यासमोर आपला निकृष्ट सोड, मधल्यासमोर उत्तम आणि निकृष्टासमोर मधला. एक शर्यत गेली, दोन जिंकल्या, हजार सोन्याची पैज पदरात पडली. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात समोर सातही जण उभे असताना तू बबनला चढाईला पाठवलेस आणि स्वतः मागे राहिलास, तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो होतो, ते आठवले. कप्तान मी होतो. डोके कोणाचे, हे बबनलासुद्धा ठाऊक होते. (त्या दिवशीच्या मिसळीचे पैसे मात्र मीच दिले होते, तू काहीही म्हण.)

ख्रिस्तपूर्व ३५४ मध्ये वेईने झाओ राज्याची राजधानी हानदान वेढली. झाओच्या मदतीला जाण्यासाठी छीच्या राजाने सेनापतिपद देऊ केले, तेव्हा शिक्षा भोगलेल्या माणसाला ते शोभत नाही, असे म्हणून सुन बिनने ते नाकारले आणि झाकलेल्या गाडीत बसून त्येन चीला मसलत देत राहिला. गुंता सोडवणाऱ्याने मुठी आवळायच्या नसतात, असे सांगून त्याने सैन्य हानदानकडे न नेता वेईच्या राजधानीकडे, दालियांगकडे वळवायला लावले. वेईची फौज धावत परतली आणि ३५३ मध्ये ग्वेलिंगला मार खाऊन बसली. इथे एका श्रोत्याने ‘हा तर गनिमी कावा’ म्हटले आणि टाळ्या पडल्या. मला ते तितकेसे पटले नाही, पण टाळ्या कोणाला नकोत?

पुढे ३४१ च्या सुमारास, मालिंगच्या मोहिमेत, सुन बिनने पहिल्या दिवशी एक लाख चुली मांडायला लावल्या, दुसऱ्या दिवशी पन्नास हजार, तिसऱ्या दिवशी तीस हजार. छीचे निम्म्याहून जास्त सैनिक पळाले असे समजून पांग जुआन पायदळ मागे टाकून दौडत आला. अरुंद वाटेवर एका मोठ्या झाडाची साल तासून त्यावर लिहिले होते, की पांग जुआन या झाडाखाली मरेल. अंधारात वाचायला त्याने मशाल पेटवली, आणि वाचून व्हायच्या आत बाण सुटले, कारण उजेड दिसताच सोडा असाच हुकूम होता. त्याने स्वतःचा गळा चिरला. हे सारे लिहून ठेवणारा चिनी इतिहासकार सिमा छ्येन स्वतः सम्राटाच्या शिक्षेने अंगहीन झालेला होता. तो सुन बिनची वाखाणणी करून पुढे टोचतो, की पांग जुआनला इतके ओळखणाऱ्याला स्वतःवरचे संकट वेळेवर टाळता आले नाही. मला हे टोचणे अन्यायाचे वाटते. मित्राकडे जाताना कोणी चिलखत घालून जातो का?

आता माझा खरा घोर. सुन बिनचा ग्रंथ जवळजवळ दोन हजार वर्षे हरवलेला होता. तो आणि सुन त्झू एकच, असेही काही जण म्हणत. १९७२ मध्ये चीनच्या शांडोंग प्रांतातल्या लिन्यीजवळ, यिनछ्वेशान इथल्या हान राजवटीच्या काळातल्या थडग्यांत बांबूच्या पट्ट्या निघाल्या, दोघांचेही लेखन वेगवेगळे सापडले आणि तो वाद मिटला. पण त्यातल्या एका प्रकरणात पांग जुआन ग्वेलिंगलाच पकडला गेला असे आहे. पकडला, तर बारा वर्षांनी मालिंगला मरायला कसा आला? काही अभ्यासक मानतात की मध्ये त्याला सोडले असावे. सोडले असेल, तर ज्याचे पाय गेले आणि ज्याने ते घालवले, ते दोघे एकदा तरी समोरासमोर आले असतील. गाडीवरचा पडदा कोणी सारला असेल? आधी कोण बोलले असेल? हे मी व्याख्यानात सांगितले नाही, झाडापाशीच संपवले. तेव्हापासून झोप धड लागत नाही.

नातीचे बारसे झाल्याचे कळले, अभिनंदन. नव्या घराला लिफ्ट आहे का? जिना चढू लागला असशील तर तेवढे आधी कळव. येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीने मी येतो आहे. वहिनींना या पत्रातले काही सांगू नकोस. दार तूच उघड.

तुझा,
दिनू