मंडळीचा आवाज मंडळीला ऐकू येऊ दे

चि. करुणा,

प्रभू येशूच्या नावे सलाम.

पाळकसाहेबांनी रविवारच्या गीतांची जबाबदारी तुझ्यावर सोपवली हे वाचून बरं वाटलं. तू विचारतेस की गिटार, ड्रम, चांगले माइक असूनही लोक तोंड मिटून उभे राहतात, आणि दफनविधीला हाताशी काहीही नसताना तीच माणसं एखादं जुनं गीत असं उचलतात की ऐकणाऱ्याचा कंठ दाटून येतो. हे कसं?

जुनं म्हणून ते चांगलं, असं मी म्हणणार नाही. उपासना संगीतात रटाळ गीतंही पुष्कळ आहेत. पण जी टिकली ती गर्दीच्या गळ्यातून गाळून आली आहेत. त्यांचा पल्ला बेताचा असतो, चाल पहिल्या कडव्यात कळते आणि ओळीच्या शेवटी श्वासाला जागा असते. ही श्वासाची जागा फार मोलाची. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली गाणाऱ्या मुलामुलींच्या हृदयाच्या ठोक्यांवर अभ्यास केला होता, आणि गायला दिलेल्या रचनांत उपासनेतलं एक गीतही होतं. ओळींप्रमाणे सगळ्यांचा श्वास ठरतो आणि श्वासाबरोबर ठोक्यांचा वेगही एकत्र वरखाली होतो, असं त्यांना आढळलं. आता तुमच्याकडे काय होतं बघ. ओळ संपली रे संपली की ड्रमवाला तिथे काहीतरी भरतो, पेटीवाला सुरावट वाजवत राहतो. लोकांना श्वास घ्यायला उसंतच नाही. दोन कडव्यांत ते थकतात आणि मग ऐकत बसतात. वाजवणाऱ्यांना आधी एवढंच सांग की ओळीच्या शेवटी हात उचला.

दुसरा घोळ पट्टीचा, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा याचा. गीत चालवणारा स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो. तरुण मुलगा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून, सुरू करतो. अंतरा तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, गेला की बायकांचे आवाज चिरकतात, निम्म्या गप्प होतात. एकट्या गाणाऱ्या बाईने काळी चार धरली तर पुरुषांना ना वर जमतं ना खाली. मंडळीत पुरुष आणि बायका एका सप्तकाच्या अंतराने तीच सुरावट गातात, म्हणून दोघांनाही झेपेल असा मधला पट्टा शोधावा लागतो. सर्वसाधारण गळ्याला पेटीच्या खालच्या सप्तकातली पांढरी सहा ते वरच्या सप्तकातली पांढरी दोन (पुरुषांना तेच एक सप्तक खाली), एवढंच आरामात जमतं. ताणून काळी दोन, त्यावर नको.

त्यामुळे षड्ज कुठला धरायचा हे गीतातला सगळ्यात वरचा स्वर बघून ठरव. तो स्वर पांढरी दोनवर आला पाहिजे. गीत तार षड्जापर्यंतच जात असेल तर सा पांढरी दोन. तार रिषभाला जात असेल तर पांढरी एक. शुद्ध तार गंधाराला जात असेल तर काळी पाच. आणि खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प), वर तार गंधार असा पल्ला असेल, तर ते गीत सगळ्यांसाठी नाहीच. त्याचा अंतरा गायकवर्गाला दे आणि ध्रुवपद मंडळीला. सकाळी आठची उपासना असेल तर आणखी अर्धा स्वर उतरव, झोपेतून उठलेला गळा वर जात नाही. मात्र हे सगळं शनिवारी ठरायला हवं. काळी एकला लावलेला तबला हातोडीने फार तर स्वरभर इकडेतिकडे होतो. ऐन वेळी काळी पाच सांगितलीस तर तबलजी बेसूर वाजवेल किंवा रुसेल. दुसरा, खालच्या पट्टीचा तबला हाताशी असलेला बरा.

सुरुवात करून देताना अख्खं कडवं वाजवू नका, लोक कंटाळतात. शेवटची ओळ वाजवायची, एक श्वास, आणि उचलायचं. पहिला शब्द तू माइकवर स्पष्ट दे. दुसऱ्या ओळीपासून माइकपासून दोन पावलं मागे हो. हे तुला जड जाईल, कारण तुझा आवाज चांगला आहे आणि लोक कौतुक करतात. पण स्पीकरमधून एकाच माणसाचा आवाज येत राहिला तर बाकाबाकावरच्या माणसाला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, स्वतःचा तर नाहीच. मग तो पुटपुटायला लागतो. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७६१ साली गाणाऱ्यांसाठी सूचना छापल्या होत्या. सगळ्यांनी गा, अर्धमेल्यासारखं गाऊ नका, पण इतरांच्या वर आवाज काढून ओरडूही नका, असा त्यांचा रोख होता. माइक नव्हता तेव्हाही ही गरज होती!

लय रेंगाळते याची तक्रार तू केलीस. त्यात लोकांचा आळस थोडा आणि भौतिकशास्त्र जास्त. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीस मीटर लांबीच्या देवालयात शेवटच्या बाकाला तुझा शब्द सेकंदाच्या सतराव्या भागाने उशिरा पोहोचतो, आणि त्यांचा परत तुझ्याकडे यायला तितकाच वेळ लागतो. तू त्यांच्यासाठी थांबलीस की ते आणखी मागे पडतात, आणि दर कडव्याला गीत मंद होत जातं. म्हणून मागच्या बाकांकडे कान देऊन लय धरू नको; ठेका धर आणि त्यावर राहा. गायकवर्गातले चार-पाच जण पुढे उभे करण्याऐवजी मधल्या आणि मागच्या बाकांवर बसव. दगडी, उंच छताच्या देवालयात आवाज घुमतो, तिथे थोडं सावकाशच बरं. पडदे, गालिचे, फॉल्स सीलिंग असलेल्या हॉलमध्ये आवाज लगेच मरतो. तिथे किंचित चढी लय ठेव, नाहीतर माणसाला आपण एकटेच गातोय असं वाटून तो लाजतो.

भजनांचा आजार उलटा. धुमाळी किंवा केरव्यात सुरू झालेलं पद ध्रुवपदागणिक चढत जातं, टाळवाल्यांना जोर येतो, तबलजी दुगुन करतो, आणि म्हातारी माणसं मध्येच सोडून देतात. चढण्यात गोडी आहे, ती मी नाकारत नाही; पण ती शेवटच्या दोन आवर्तनांपुरती. फोनवरच्या मेट्रोनोमला मिनिटाला ८० ठोके लावून सुरू करा आणि शंभराच्या वर जाऊ देऊ नका.

आता आपल्या गीतांच्या दोन घराण्यांबद्दल, कारण दोन्हींना एकच नियम लावून चालत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ला मुंबईत आणि १८३१ला नगरला आलं. मिशनऱ्यांबरोबर इंग्रजी चाली आल्या आणि त्यांवर मराठी शब्द बसवले गेले. पुष्कळशा इंग्रजी चाली हलक्या मात्रेवर सुरू होतात आणि दुसऱ्या अक्षरावर जोर देतात. मराठीला ते मानवत नाही. भर भलत्याच अक्षरावर येतो, लांब स्वर ऱ्हस्व अक्षरावर पडतो, आणि ‘मन’ ओढून ओढून ‘मान’ ऐकू येतं. कृष्णराव सांगळ्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग, पदं लिहिली, तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या तोंडची लय मिळाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, ते त्यांच्या अभंगांच्या चरणाचरणात दिसतं.

म्हणून भाषांतरित गीतं टाकून द्यायची का? मुळीच नाही. ‘अबाइड विथ मी’ घे. हेन्री लाइटचे शब्द १८४७चे, विल्यम मंकची चाल १८६१ची. गांधीजींच्या आवडीचं, आणि दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये वर्षानुवर्षं बँडवर वाजत आलेलं. २०२२ला ते वगळलं. त्याच्या इंग्रजी ओळीत दहा अक्षरं आहेत. बँडच्या संथ चालीत ते गायला गेलं की ओळीच्या मध्येच दम तुटतो आणि शब्दाचे दोन तुकडे होतात. मिनिटाला साधारण ७० ठोके धर, म्हणजे ओळ एका श्वासात बसते. अशा गीतांना तबल्याचा आग्रह धरू नको. नुसती पेटी, कपलर (दुसऱ्या सप्तकातला सूरही सोबत वाजवणारा खटका) बंद, पहिल्या कडव्यात पूर्ण सुरावट, पुढे फक्त आधाराचे स्वर.

कडवी कापायची सवय मोडून काढ. वेळ कमी म्हणून “पहिलं, दुसरं आणि शेवटचं” अशी घोषणा होते. जुन्या गीतात कडव्यांना क्रम असतो: पापाची कबुली, मग वधस्तंभ, मग क्षमा, मग स्तुती. मधलं गाळलं की कबुलीवरून थेट जयजयकारावर उडी पडते, आणि शेवटच्या कडव्यात जे भरून यायला हवं ते येत नाही. वेळच नसेल तर एक गीत कमी घ्या. सहा कडव्यांचा एकसुरीपणा मोडायचा असेल तर एक कडवं फक्त बायकांना दे, एक बिनवाद्याचं घे. बिनवाद्याच्या कडव्यात मंडळी हमखास पाव-अर्धा स्वर उतरते, आणि पुढच्या कडव्याला पेटी मूळ पट्टीत शिरली की कानाला बोचतं. त्यावर उपाय सोपा: त्या कडव्यात पेटीवर नुसता षड्ज अगदी हलका धरून ठेवायचा. शेवटचं कडवं स्वरभर चढवण्याची सिनेमातली युक्ती मंडळीत नको. वरची पांढरी दोन गाठून झाल्यावर आणखी चढायला जागा कुठे आहे?

प्रोजेक्टर वापरा, माझी ना नाही. एका स्लाइडवर चारच ओळी, ओळ मध्ये तोडायची नाही, आणि स्लाइड शेवटचा शब्द सुरू होतानाच बदलायची. तो संपल्यावर बदलली तर पुढची ओळ सगळे अर्धीच पकडतात. पुस्तकात ध्रुवपद एकदाच वर छापलेलं असतं, पडद्यावर मात्र ते प्रत्येक कडव्यानंतर परत दिसायला हवं. टाइप केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे.

नवं गीत महिन्याला एकच. पहिले दोन रविवार अर्पण गोळा होत असताना नुसती चाल वाजू दे, तिसऱ्या रविवारी गायकवर्गाने गावं, चौथ्या रविवारी सगळ्यांनी, आणि पुढचा महिनाभर सोडायचं नाही. आपल्या पुस्तकात शब्दच असतात, स्वरलिपी नाही, म्हणून सोलापूरची चाल वेगळी, नगरची वेगळी. वाद झाला तर मंडळीतल्या जुन्या बायकांना गायला लाव, फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि तीच चाल कायम कर. प्रभुभोजनाच्या वेळी लोक उठून पुढे येतात, हातात पुस्तक नसतं. तिथे पाठ असलेलं, छोट्या ध्रुवपदाचंच गीत हवं.

दफनविधीचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे चूक झाली तर सावरायला वाव नसतो. रडू दाबताना गळ्याचे स्नायू आवळतात आणि वरचे स्वर पहिल्यांदा जातात. म्हणून नेहमीच्या पट्टीपेक्षा पूर्ण एक स्वर खाली. कबरस्तानात पेटी नसते, आणि उघड्यावर माणूस नकळत वरच्या पट्टीत सुरू करतो. घरून निघतानाच फोनवरच्या पिच पाइपवर स्वर ऐकून ठेव आणि उचलण्याआधी मनात परत म्हण. चालताना गायचं असेल तर आखूड ओळींचं पद घे, तू म्हणायचं आणि लोकांनी मागून म्हणायचं. कबरीपाशी जास्तीत जास्त दोन कडवी, तीही सगळ्यांना तोंडपाठ असलेली. कुटुंबाकडे बघत गाऊ नकोस. नजर पलीकडच्या भिंतीवर किंवा झाडावर ठेव. तुझाच आवाज फुटला तर ती ओळ जबरदस्तीने ओढू नकोस. गप्प हो, नाकाने श्वास घे, पुढच्या ओळीला परत ये. त्यासाठी शेजारी एक खमका पुरुष आवाज आधीच उभा करून ठेव, तो ओळ पुढे नेईल. मंडळी गात राहिली म्हणजे झालं.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) यादी तू लवकरच करायला घेशील. बारा ते तीनची उपासना, येशूने वधस्तंभावरून उच्चारलेले सात शब्द, प्रत्येकामागे एक गीत. सातही गीतं संथ आणि एकाच पट्टीत निवडली जातात, आणि पाचव्या शब्दाला लोकांचा गळा आणि लक्ष दोन्ही संपतं. पहिल्या आणि चौथ्या शब्दानंतर भाषांतरित गीत नुसत्या पेटीवर ठेव, दुसऱ्या आणि पाचव्याला अभंग घे, तिसऱ्याला फक्त बायका, सहाव्याला गायकवर्ग एकटा गाऊ दे म्हणजे मंडळीला विसावा मिळेल. सातवं बिनवाद्याचं आणि सगळ्यांचं. ड्रम त्या दिवशी झाकून ठेवा. पाणी आतल्या खोलीत ठेव, उपासना चालू असताना बाटल्या फिरत असलेल्या बऱ्या दिसत नाहीत.

यादी आणि प्रत्येक गीताची पट्टी एका कागदावर लिहून तबलजीला आदल्या रविवारीच दे, आणि एक प्रत मला पाठव.

तुझी,
आई