कोरडे घर

सॅन होजे, १८ जानेवारी

प्रिय दिगंबर,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, याची मला लाज वाटते. तुझी दोन्ही पत्रे पोचली, आणि उत्तर मात्र आज-उद्यावर राहिले. आमच्या प्रकृती ठीक आहेत. गुडघा आहे तसाच आहे. धाकटीला मुलगा झाला, म्हणून आम्ही दोघे मार्चअखेरपर्यंत इथेच राहणार आहोत. पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. मिनेसोटातून निघण्यापूर्वी मी आमच्या घरातले सगळे पाणी माझ्या हाताने सोडून दिले, आणि ही गोष्ट तुझ्याखेरीज कोणाला सांगावी ते मला कळेना.

२०१९ च्या जानेवारीत मिनियापोलिसचा पारा उणे ३३ अंशांवर उतरला, तेव्हाचे तुला कळवलेच होते. आम्ही चार दिवस बाहेरगावी असताना घर तापवणारी भट्टी बंद पडली. परतल्यावर ती दुरुस्त करून घेतली, घर ऊबदार झाले, आम्ही चहा टाकला, आणि तासाभरात स्वयंपाकघराचे छत ओट्यावर आले. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते एवढे शाळेत शिकलो होतो. परंतु नळी बहुधा फुटते ती बर्फाचे बूच आणि बंद नळ यांच्या मध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने, आणि ते बूच वितळेपर्यंत फुटल्याचे कळतही नाही, हे त्या दिवशी कळले. तांब्याचा तो तुकडा मी ठेवून दिला आहे. बोटाच्या पेराएवढी चीर आणि बाहेर वळलेल्या कडा. वाटाण्याची शेंग अंगठ्याने उकलावी तशी ती दिसते.

म्हणून या वेळी, भट्टी १३ अंशांवर चालू ठेवूनही, मी तिच्यावर विसंबलो नाही. तळघरात मीटरजवळचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, गीझरचा गॅस तोडला (टाकी रिकामी असताना तो तापता कामा नये), पाणी निवू दिले आणि तळाच्या तोटीला नळी लावून तिचे तोंड मोरीत सोडले. दीडशे लिटरची टाकी, आणि धार करंगळीएवढी! तेव्हा मला तू आठवलास. पिंपाचे वरचे बूच काढल्याशिवाय खालची तोटी धार धरत नाही, हे तूच मला टँकरच्या रांगेत शिकवले होतेस. वर जाऊन न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उघडला, त्याच्या तोंडाशी ओले बोट धरले, तर नळ आत हवा ओढत होता. आणि खाली मोरीत एकदम खळखळाट झाला. (नळीने रॉकेल ओढण्याच्या प्रसंगाची मी आठवण काढत नाही, तू पुन्हा रागावशील.) मग वरच्या मजल्यापासून एकेक नळ उघडत खाली आलो, कमोडच्या टाक्या फडक्याने टिपल्या, कॉम्प्रेसरने नळ्यांत हवा फुंकली, आणि मोऱ्यांच्या नळ्यांच्या बाकात, जिथे पाणी साचून राहते, गुलाबी अँटिफ्रीझ (सहजी न गोठणारे द्रव) ओतले, ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते, मोटारीत घालतात ते विषारी एथिलीन ग्लायकॉल नव्हे.

हे सगळे नीट झाले, पण त्या धारेकडे मला पाहवेना. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, आणि मी फोनवर "आता सुटलात" असे बोलून गेलो. तू सहा महिने माझ्याशी बोलला नाहीस. तुझे बरोबर होते. घागरीमागे घागर मोजणाऱ्या माणसाला इतक्या लांबून असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. परवा मोरीत पाणी जाताना तो राग मला पुरता कळला. तुझ्या वहिनीने तर न बोलता नळीखाली दोन बादल्या भरून घेतल्या आणि निघेपर्यंत त्या दाराशी ठेवल्या. घर मागे राहिले ते पाण्याचा आवाजच नसलेले, आणि आपल्या दोघांना तसे घर फार ओळखीचे आहे.

आता काळजी एकच उरली आहे. अंगणातल्या नळाकडे जाणाऱ्या नळीला दोन पकडींच्या मध्ये बोटभर झोल आहे, आणि हवा फुंकूनही तिथे थोडे पाणी बसले असावे असे मला वाटते. अर्धवट भरलेल्या नळीत बर्फाला पसरायला जागा असते, ती सहसा फुटत नाही, हे मी जाणतो. तरी पहाटे जाग येते ती त्या झोलापाशीच. शेजारी दर गुरुवारी डोकावून जातो, पण भिंतीमागचे त्याला काय दिसणार? तुझ्या ठिबकच्या नळ्यांना असा झोल आला की तू शेवटचे पाणी कसे काढतोस, ते सविस्तर लिही.

सोयाबीनचे पैसे हाती आले का? बोअरला पाणी किती आहे? माईंना माझा नमस्कार सांग. आणि उत्तर लवकर पाठव. त्या नळीपाशी जायला तळघरातून वाट आहे, तेव्हा एखाद्या गुरुवारी शेजाऱ्याला तिथे नेमके काय करायचे ते सांगता येईल.

तुझा,
अनंत