नानांनी दिवे बंद करायला सांगितले

सांगली,
शुक्रवार, रात्री

प्रिय बंड्या,

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. संक्रांत गेली, शिमगाही गेला. फोनवर ‘काय चाललंय, बरं चाललंय’ होतं, पण ते काही बोलणं नव्हे. तुझा राग रास्त आहे. माझी तब्येत ठीक, साखर आटोक्यात, गुडघा तसाच. आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात नाना घरी आले होते.

ताईचं सांगलीत बँकेत काम होतं. मिरजेहून येताना तिने त्यांना सोबत आणलं आणि तासाभरासाठी माझ्याकडे सोडलं. चहा झाल्यावर नाना म्हणाले, “तुझी गाडी दाखव.” मी आपल्या जुन्या स्टेशनाचं आणि गाडीचं छोटं मॉडेल करतोय, हे त्यांना कुणी सांगितलं? तूच सांगितलं असणार. हाताला धरून त्यांना मागच्या खोलीत नेलं.

तुला फोटो पाठवल्यानंतर बरंच काम झालं होतं. फलाट, कचेरी, पाण्याची टाकी, सगळं 1:87 च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. आपली बार्शी लाइन, मिरज-लातूरची ती जुनी छोटी रेल्वे, दोन रुळांत 762 मिलिमीटर अंतराची. भागिले 87 केलं की पावणेनऊ येतात, म्हणून बाजारात मिळणारे 9 मिलिमीटरचे रूळ तिला चपखल बसतात. झाडं आणि दिवे मात्र स्वस्तातले घेतले होते, पाकिटात मिळतात तसले. मी सगळे बारा दिवे लावले आणि इंजिन सोडलं. नाना स्टुलावर बसून बघत होते. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “हे दिवे बंद कर.”

मला वाटलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळ्यांना त्रास होतोय. पण तसं नव्हतं. म्हणाले, “एवढा उजेड आपल्याकडे कधी होता? फलाटाला दोन कंदील. गाडी गेली की पलीकडचा मी विझवायचो. घासलेट मोजून यायचं.” मग बराच वेळ गप्प. आणि मग, “झाड कुठाय?”

बंड्या, हे तुलाच सांगता येतं. छोटी लाइन जाऊन रुंद रुळांचं ब्रॉडगेज झाल्यावर नाना एकदाही तिकडे गेले नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, त्याच वाटेने. आपण बघायला गेलो होतो आणि हे घरात बसून राहिले होते. त्या माणसाने स्वतःहून स्टेशनाचा विषय काढला, आणि मी त्यांच्यासमोर बारा ट्यूबलायटी पेटवून बसलो होतो!

त्या दिवसापासून मी त्या दिव्यांच्या मागे लागलोय. दहा काढून टाकले. राहिलेल्या दोनांचे खांब आठ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या मापात सात मीटर. नाना काय शिडी लावून कंदील पेटवायचे? खांब कापला तर आतली बारीक तार तुटते, म्हणून फळीला भोक पाडून साडेचार सेंटिमीटर खालीच सोडला. वर उरला तो दहा फुटी खांब. मग उजेड. करंट अडवायला पाकिटात जो रेझिस्टर येतो, त्याने बारा व्होल्टवर दिवा डोळ्यांत घुसतो. 470 ओहमचा काढून एक हजाराचा घातला, तर करंट निम्म्यावर आला पण डोळ्याला फरक कळेना. दहा हजारावर जरा बरं वाटलं. शेवटी 22 हजारावर थांबलो. दोन्ही दिव्यांना आपापला स्वतंत्र रेझिस्टर लावायचा, नाहीतर एक उजळ आणि एक मलूल होतो. रंगही निळसर पांढरा होता. त्यावर काचेवर मारायचा पिवळा रंग, त्यात नारिंगीचा थेंब, दोन हात. मागच्या बाजूने उजेड गळत होता तिथे काळा रंग.

आज रात्री खोलीतला दिवा मालवून पाहिलं. फलाटाच्या कडेला हातभर उजेड, पुढे अंधार. पलीकडच्या कंदिलाला वेगळं बटण दिलंय. गाडी गेल्यावर ते बंद केलं, आणि मला नानांच्या चपलांचा आवाज आठवला. खडीवरून येताना व्हायचा तो.

दिवे जमले. झाड जमत नाहीये.

पाकिटातली झाडं म्हणजे बाटली घासायचे हिरवे ब्रश. सहा सेंटिमीटर उंच, म्हणजे खरी पाच मीटर. ती फलाटामागे लांब उभी केली. चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या खोडांना राखाडी मिसळलेला मॅट रंग दिला. आपल्याकडे चॉकलेटी खोड असतं कुठे? कात्रीने फांद्या वेड्यावाकड्या छाटल्या, निम्मं पाणी घातलेला फेव्हिकॉल लावला आणि मिक्सरमध्ये बारीक केलेला रंगवलेला स्पंज भुरभुरला. वरून उजळ, खालून गडद. सगळ्यात शेवटी वस्त्रगाळ माती. त्या धुळीने ती एकदम आपल्याकडची झाली. बाभळींसाठी तासगावहून बेदाण्याचे देठ आणले. द्राक्षाच्या वाळल्या घडाची काडी उलटी धर, हुबेहूब बाभळीच्या फांद्या. पिवळी फुलं म्हणून हळदीत रंगवलेला भुसा टाकला होता, तो खिडकीतल्या उन्हाने पंधरा दिवसांत पांढरा पडला. सांगलीत राहून हळद उन्हात उडते हे मी विसरावं! आता पोस्टर कलर वापरतो.

पण नाना विचारत होते ते झाड वेगळं. ते आपलं झाड.

मी म्हणतो कडुनिंब. तू म्हणायचास चिंच. सातवीत यावरून तू माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतास. तुझ्या साक्षीवर माझा विश्वास कमी आहे हे खरं. गाडी चढाला लागली की उतरून कवठं पाडायचास, पळत येऊन परत चढायचास आणि वाटणीत किडकं कवठ मला द्यायचास. वर म्हणायचास, झाडालाच किडकी लागतात.

मी दोन्ही झाडं केली आहेत, चौदा सेंटिमीटरची. निंबाला जाडसर पाला आणि शेंड्याला चैत्रातली तांबूस पालवी. चिंचेला चाळून घेतलेला अगदी बारीक पाला, दाट, काळपट हिरवा. एक उभं करतो, तासभर बघतो, काढतो, दुसरं लावतो. निंबाखाली बाक ठेवला की मला बाक आठवतो. पण चिंचेखाली ठेवला की तुझी आई आठवते, डबा घेऊन उभी. आणि मग मला माझीच खात्री वाटेनाशी होते. नानांना फोन करून विचारलं. म्हणाले, “सावली होती.” पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

अक्षय्य तृतीयेला ताई त्यांना परत आणणार आहे. या वेळी त्यांनी काही बंद करायला सांगू नये, एवढंच मला हवंय. तुझ्या मुंजीचा तो फोटो, सगळे फलाटावर उभे आहेत तो, तुझ्याकडेच आहे. मागे झाड आलंय. मोबाइलवर नको, नीट स्कॅन करून पाठव. चिंच निघाली तर मी मान्य करीन आणि निंब कायमचा काढून ठेवीन.

सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं हे ताईकडून कळलं, फार आनंद झाला. नाव काय ठेवलं? नाशिकच्या घराचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिग्या

ता. क. झाड टाकीच्या डावीकडे होतं की उजवीकडे, तेही फोटोत बघून लिही. भोक अजून पाडलेलं नाही.