मनू, या वेळी कळ आली तर थांबू नकोस

मिरज, मंगळवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या पोटातल्या कळीवरून मी आवाज चढवला, ते चुकलंच. तू फोन ठेवल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता शांतपणे लिहून पाठवा." म्हणून लिहितोय. शक्यतो एकच गोष्ट सांगेन.

वजन उतरवायला केलेल्या गॅस्ट्रिक बायपासच्या ऑपरेशनबद्दल "बारा वर्षं झाली बाबा, तो विषय संपला," असं तू म्हणालीस. वजन उतरलं, टाके भरले, हे खरं. पण आतली जोडणी बदलली ती कायमचीच. जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी केली. लहान आतडं कापून त्याचं एक टोक वर आणून त्या पिशवीला जोडलं आणि पित्त घेऊन येणारी बाजू खाली पुन्हा आतड्यात जोडली. या जोडणीलाच रू-एन-वाय म्हणतात. आतड्याला धरून ठेवणारा चरबीचा पडदा असतो, त्यात या ओढाओढीने फटी राहतात. एक खालच्या जोडापाशी आणि एक वर नेलेल्या आतड्याच्या मागे. तिला पीटरसनची जागा म्हणतात. सर्जन तिथे टाके घालतात. पण वजन उतरतं तेव्हा त्या पडद्यातली चरबीही झडते, टाक्यांची पकड सुटते, फट रुंदावते. म्हणून हा त्रास सहसा ऑपरेशनच्या आठवड्यात होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी होतो, कधी दहा वर्षांनीही.

आतडं त्या फटीतून सरकतं, यालाच अंतर्गत हर्निया म्हणतात. बाहेरून फुगवटा दिसत नाही. सरकलेलं आपोआप परत आलं की कळ थांबते. नाही आलं, पीळ पडला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं काळं पडतं.

तू आईला काय सांगितलंस ते मी तिच्याकडून तीनदा ऐकलं. जेवणानंतर अर्ध्या तासाने कळ, बेंबीच्या वर डावीकडे, मागे पाठीत जाणारी, कूस बदलूनही आराम नाही, दोन तासांनी आपोआप गेली. महिन्यात दोनदा. त्या "आपोआप गेली"चीच मला भीती वाटते.

दवाखान्यात ॲसिडिटी म्हणाले, सोनोग्राफी नॉर्मल आली. येणारच. सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसतील, पण आतड्यातल्या वायूमुळे ही फट दिसत नाही. रक्ताचे रिपोर्टही सुरुवातीला चांगले येतात. पित्ताची बाजू अडकली तर उलटीसुद्धा होत नाही आणि साध्या एक्सरेत काही कळत नाही. शिरेतून औषध सोडून पोटाचा सीटी स्कॅन करायचा, जमलं तर कळ चालू असतानाच. त्यात आतड्याच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसतात. आणि सीटी स्वच्छ आला, पण कळ परत परत येतेय, तर दुर्बिणीतून आत पाहून फटी शिवून घेतात. हे ठरवायला बायपासची ऑपरेशनं करणारा सर्जनच हवा.

एवढंच सांगायचं होतं.

आणि कंबरेसाठी काय घेतेस ते आईने विचारलं, तू उत्तर टाळलंस. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यातलं काहीही चालणार नाही. पिशवी आणि आतडं जिथे जोडलंय तिथे आतड्याला आम्ल सोसत नाही. त्यात या गोळ्यांची भर पडली की व्रण होतो, रक्तस्राव होतो, कधी भोकही पडतं. तंबाखू-सिगरेटचंही तेच. दुखलं तर पॅरासिटामॉल घे, तेसुद्धा मापात. एन्डोस्कोपीत व्रण निघालाच तर डॉक्टरांना विचार, ॲसिडिटीची कॅप्सूल उघडून आतले दाणे घ्यायचे का. पिशवी इवलीशी असते, अख्खी कॅप्सूल विरघळायच्या आत पुढे निघून जाते. उघडून घेतली तर व्रण लवकर भरतो. दाणे चावायचे मात्र नाहीत. कॅल्शियम सायट्रेटच घे, आणि लोहाच्या गोळीत व त्यात दोन तासांचं अंतर ठेव. बी-१२ चुकवू नकोस. गोळीवर चहा...

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तुला हे सगळं पाठ आहे. ताईकडे आमरसाने छातीत धडधड झाली, घाम फुटला, तेव्हा "डंपिंग आहे, गोड एकदम आतड्यात उतरलं, पडू द्या मला वीस मिनिटं" असं तूच आम्हाला समजावलंस. ते बरोबरच होतं. पण ती धडधड वेगळी आणि ही कळ वेगळी.

ऑपरेशननंतरचे ते पंधरा दिवस आठवतात ना? खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो प्लास्टिकचा माप-कप. त्यावर ५, १०, १५ च्या उठावाच्या रेघा. तू निळ्या पेनने १५ वर जाड रेघ मारली होतीस. मुगाचं गाळलेलं पाणी तेवढंच ओतायचीस आणि घड्याळ बघत दहा मिनिटं घोट घोट घ्यायचीस. आजी रडायची, म्हणायची पोरीला उपाशी मारताय. तू कप उजेडात धरून रेघ बघायचीस आणि तिला म्हणायचीस, "आजी, एवढ्यातच भरतं गं." ११२ किलोंपासून आजपर्यंत जे केलंस ते सगळं त्या रेघेवर बोट ठेवून केलंस. त्याचं कौतुक मी तुझ्यासमोर कधी धड केलं नाही.

सोसायची सवय तुझी तेव्हापासूनची. या कळीत तीच सवय घात करते. इथे सोसायचं नाही, मनू.

पुन्हा कळ आली तर काही खाऊ नकोस, गोळी घेऊन पडून राहू नकोस. ज्या इस्पितळात रात्री सीटी आणि सर्जन दोन्ही असतात तिथे जायचं, रात्रीचे दोन असोत. सोबत कार्ड पाठवलंय, पाकिटात ठेव. बोलता आलं नाही तर तेच पुढे कर. त्यावर लिहिलंय:

"२०१३ साली रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास झाला आहे. पोटदुखी असल्यास अंतर्गत हर्निया आहे का पाहावे. नाकातून नळी अंदाजाने घालू नये, पिशवीला इजा होते. वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक वा त्या गटातले औषध देऊ नये. बऱ्याच उलट्या झाल्या असल्यास ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्यावे."

शेवटचं वाक्य विशेष महत्त्वाचं. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ते कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि आपल्याकडे उलट्या म्हटलं की पहिली तीच बाटली लावतात.

पण कळ यायची वाट पाहायची नाही. कळ नसतानाच, याच आठवड्यात सर्जनला दाखव. ऑपरेशनची फाइल माझ्याकडे आहे. खालच्या फटीला टाके घातल्याची नोंद त्यात आहे, पीटरसनच्या जागेबद्दल काहीच नाही. कालपासून ते पान चारदा वाचलं. त्याचे फोटो तुला पाठवलेत, सर्जनला दाखव.

तुला माझं येणं नको असेल तर नाही येणार. पण अपॉइंटमेंटची वेळ तेवढी कळव. आदल्या दिवशीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली तर सकाळी बेंगळुरूला पोचतो, बाहेर बाकावर बसून राहीन. दुकान दोन दिवस बंद ठेवायचं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुझा,
बाबा